नातुराल द

केपेंच्या नोंदणी कार्यालयात
चार नंबरचं कपाट उघडलं की
आधी वाळवी दिसते, मग पोर्तुगाल.

हातमोजे आले होते एकदा, साहेबांच्या सहीने.
ते घालून आता चहावाला पातेलं उतरवतो.
मी उघड्या बोटांनीच पानं उलटते.

अकरा वर्षं नकला करतेय.
भाषा येत नव्हती. अक्षरांच्या मागेमागे गेले,
शेरडाच्या मागे जावं तशी,
आणि एका दुपारी कळलं, वाचता येतंय.
प्रभूचा पोरोबो होतो, शाईला हसू येत नाही.
नावामागे बाप, बापामागे त्याचा धंदा,
आणि मग ते दोन शब्द: नातुराल द.
म्हणजे, मूळचा इथला.

आज सांतान फुर्तादो आला, असोल्ड्याचा.
बरोबर नात, स्विंडनहून आलेली,
दंडावर डास चावल्याच्या गांध्या.
तो कोंकणीत बोलायचा, ती इंग्रजीत हसायची.
दोघांच्या मधे बाकावर
गऱ्यांची पिशवी, वास सोडत.

'वाच गे बाय, चश्मो घरा उरलो.'
चष्मा त्याच्या खिशातून डोकावत होता.

वाचलं. सन एकोणीसशे एकोणपन्नास,
पहाटेचे तीन, मुलगा,
बाप झुझे मिंगेल, लाव्रादोर, म्हणजे शेतकरी,
नातुराल द असोल्डा.
सांतान मान खाली घालून
स्वतःला जन्मताना ऐकत होता.

पोरगी म्हणाली, पुन्हा.
मोबाइल माझ्या तोंडाजवळ धरला.
आता स्विंडनच्या कुठल्याशा स्वयंपाकघरात
तिच्या पणजोबाचं नाव
माझ्या चंदगडी घशातून वाजेल.

जाताना सांतान थांबला. 'तूं खंयची?'
गावडे, मी म्हटलं.
'आमचीच मगो! गांवडे म्हळ्यार सगळ्यांत पयले हांगाचे!'
नाही, आम्ही चंदगडचे गावडे.
'आं,' म्हणाला.
त्या 'आं'मध्ये अख्खा तिलारी घाट होता.
तरी चार गरे ठेवून गेला, कागदावर.

माझा आजा रवळू त्रेसष्ट साली तो घाट उतरला,
कुडचड्याच्या धक्क्यावर बार्ज भरायला.
टोपली, फळी, टोपली, फळी.
त्याचा अंगठा खाणीच्या हजेरीपटावर होता,
हजेरीपट एका पुरात गेला.
मेला तेव्हा कानाच्या पाळीमागे लाल माती होती,
आईने दोनदा पुसली, निघाली नाही.

बापाने ट्रक घेतला. खाणी बंद पडल्या.
ट्रक दारात उभा, बोनेटवर दोडक्याचा वेल.
दोडकी चांगली लागतात, खोटं का बोलू.

आणि मला, याच गावच्या दवाखान्यात जन्मलेलीला,
नोकरीसाठी मामलेदाराकडून आणावा लागला
पंधरा वर्षं राहिल्याचा दाखला.
रवळनाथ घाटावर आहे, खालीही आहे.
त्याला कुणी कागद मागितल्याचं ऐकलं नाही.

संध्याकाळी घरी गरे सोलत बसलो.
मृण्मयी म्हणाली, 'आई, फोनवर मावशीशी
तू वेगळीच कोण तरी होतेस.'
ती शाळेत कोंकणी, ट्यूशनला इंग्रजी,
आणि माझ्यावर चिडली की मराठी.
चंदगडला मामेभाऊ तिला 'गोव्याची पाव्हणी' म्हणतात,
इथे वर्गात कुणी तरी 'घाटी' म्हणालं होतं,
तिने त्याच्या डब्यातलं तिसरं खाल्लं, सगळं,
आणि मला तिरफळं कमी होती म्हणून सांगितलं.

तिला शब्द शिकवला. नातुराल द.
तिने तो तोंडात गऱ्यासारखा फिरवला.
पुढे काय लिहायचं? मी विचारलं.
'कुडचडे,' ती म्हणाली, मोबाइलवरून मान न काढता,
जसं कुणी वेळ सांगावी.

मग थोड्या वेळाने: 'तुझं?'

बोटांना चीक लागला होता.
खोबरेल शोधायला उठले,
ते मिळालं, तरी स्वयंपाकघरातच उभी राहिले.